गोळीची मोजणी

१

हाकारा संपला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पत्र्याचे डबे आणि ढोल बडवत वीस-पंचवीस माणसं रानातून वर धामणटेपच्या माळावर आली. सगळ्यांत पुढे असलेल्या कुशाबानं वर पाहिलं आणि त्याच्या हातातला डबा गळून पडला.

ऐनाच्या झाडावर बांधलेल्या माळ्यावरून सुभेदार मालोजी मोरे अर्धे बाहेर लोंबत होते. पानांच्या आडोशावर दोन्ही हात पसरलेले, मान खाली. बोटांवरून रक्त थेंबाथेंबानं खालच्या गवतावर पडत होतं.

"सुभेदार!" कुशाबा ओरडला.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात धामणटेप हे तीस-चाळीस घरांचं गाव. साल एकोणीसशे सत्तावन्न, कार्तिक महिना. डुकरांनी नाचणीची पार नासाडी केली होती, म्हणून सुभेदारांनी हाकारा ठरवला. पलटणीतून निवृत्त होऊन आल्यापासून गावात त्यांचाच शब्द चाले. शिकारीचे नियमही त्यांचेच. माळाच्या तीन टोकांना तीन माळे, तीनही जमिनीपासून सारख्या उंचीवर. कोणत्याही दोन माळ्यांत बरोबर दोनशे हात अंतर, एकाच दोरानं तीनदा मोजलेलं. तीन माणसं, तीन ठासणीच्या बंदुका. प्रत्येकानं तोंड रानाकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला ठेवायचं. आत वळायचं नाही, आत नळी धरायची नाही, हाकारा संपेपर्यंत जागा सोडायची नाही. "माणूस मरतो तो नियम मोडल्यामुळं," असं ते नेहमी सांगत.

आणि आता तेच मेले होते. छातीत गोळी लागून.

दुसऱ्या माळ्यावर त्यांचा धाकटा भाऊ सयाजी होता. तिसऱ्यावर शेजारचा कोंडाजी उतेकर. फौजदार साळवी दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचले, तेव्हा तिघांच्या बंदुका त्यांच्यासमोर मांडलेल्या होत्या. सुभेदारांच्या आणि सयाजीच्या बंदुकीत बार भरलेला होता. कोंडाजीची बंदूक रिकामी होती.

"डुकरावर झाडली, साहेब," कोंडाजी म्हणाला. "भायरच्या अंगाला. लागली नाय."

"डुक्कर कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. डब्यांच्या गोंगाटात बार किती झाले, हेही कुणाला धड सांगता येईना. कुणी एक म्हणे, कुणी दोन. पण एक गोष्ट सगळ्यांना आठवत होती. आठच दिवसांपूर्वी झऱ्याच्या पाण्यावरून भांडताना कोंडाजी चारचौघांत सुभेदारांना म्हणाला होता, "येक दिवस तुला आडवा करीन."

फौजदारांनी कोंडाजीला बेड्या घातल्या.

२

इनायत मुकादम महाडात बाजारामागच्या आळीत राहत. तीस वर्षं सरकारी मोजणीदार म्हणून डोंगर-दऱ्या तुडवून आता घरी बसले होते. दुपारी जेवून ओसरीवर टेकले होते, तोच एक बाई अंगणात येऊन उभी राहिली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, ओठ सुकलेले.

"मी ठमाबाई. कोंडाजी उतेकराची बायको. सात वर्सामागं तुमी आमची डोंगरातली वरकस जिमीन मोजली व्हती."

इनायतना आठवलं. खैरुनबीनं, त्यांच्या बायकोनं, आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. ठमाबाईनं तो एका दमात रिकामा केला आणि सगळी हकीकत सांगितली. नवरा इथेच महाडच्या कोठडीत होता. तिला भेटू दिलं नव्हतं.

"मी काय करणार, बाई? मी वकील नाही, पोलीस नाही."

"तुमी त्या टायमाला बांध मोजलात तवा सुभेदार म्हनला, बांध माजा हाय. सगला गाव त्याच्या बाजूनं. तुमी साखली टाकलीत नि म्हनलात, साखली कुनाची वलख ठेवीत नाय. बांध आमचा निघाला." तिचा आवाज इथवर ताठ होता. तो एकदम फुटला. "जिमीन मोजता तशी ती गोली मोजा. मंग ती माज्या घरवाल्याची निघाली तर मी रडनार नाय."

गोळी मोजायची, असं तीस वर्षांत इनायतना कुणी सांगितलं नव्हतं.

"गोळी सुभेदारांच्या अंगात राहिली का?"

"नाय. आरपार गेली. झाडात रुतलीय म्हनतात."

इनायत उठले. "खैरुन, माझी पिशवी काढ. उद्या पहिल्या गाडीनं पोलादपूरला जायचंय."

३

फौजदार साळवी तरुण होते, पण आडमुठे नव्हते. इनायतना ते ओळखत होते. "बघायचं तर बघा, मुकादमसाहेब. माझी केस पक्की आहे. पण एक सांगतो, सुभेदारांच्या घरी जपून बोला. बाई अजून सावरलेल्या नाहीत."

दोघं धामणटेपला पोचले तेव्हा सुभेदारांची बायको रखमा ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं मान वर केली नाही.

"मला ठाव नाय काय," ती म्हणाली. "मी हाकाऱ्यांच्या भाकऱ्या घेऊन वर निगाले व्हते. कालवा ऐकला, धावले. तवर सगलं झालं व्हतं."

"कुणावर संशय?" इनायतनी विचारलं.

"साहेबांनी धरलाय त्याला." एवढं बोलून ती उठून आत गेली.

सयाजी अंगणात कुऱ्हाडीनं लाकडं फोडत होता. तिशीतला, उंच, गावातला सर्वांत चांगला नेमबाज. डोळे सुजलेले होते. इनायतनी विचारलं तसं त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

"मी माज्या माल्यावर व्हतो. बार ऐकला नि मागं वललो. दादा कोसलताना मी डोल्यांनी बगितला. त्याच्या डोस्क्याच्या बरोब्बर मागं, पल्याडच्या डोंगरावर, भैरीच्या देवलाचं निशान फडकत व्हतं. लाल. ते निशान नि दादाचं खाली येनारं डोस्कं." त्यानं तोंड फिरवलं. "तीन दिस झाले, डोल्यापुढनं जात नाय."

"आणि कोंडाजी?"

"तो त्याच्या माल्यावर व्हता. नली दादाकडं व्हती का, मी नाय बगितली. खोटं कशाला बोलू?"

हे ऐकून फौजदारांनी समाधानानं मान हलवली. भावाचा खून झालेला असूनही हा माणूस वैऱ्यावर खोटा आळ घेत नव्हता.

इनायतनी वहीत सयाजीचं बोलणं शब्दाशब्दानं उतरवून घेतलं. ही त्यांची जुनी सवय होती. मग म्हणाले, "अंतर मोजलेला दोर कुठं आहे? आणि मला एक शिडी हवी."

४

माळावर नाचणी कापून झाली होती. नुसते खुंट उभे होते. तीन बाजूंना रान खाली उतरत गेलेलं. इनायतनी आधी दोर टाकला. सुभेदारांच्या ऐनापासून सयाजीच्या माळ्यापर्यंत दोनशे हात. तिथून कोंडाजीच्या माळ्यापर्यंत दोनशे. तिथून परत ऐनापर्यंत दोनशेच.

"पलटणीतला माणूस," इनायत म्हणाले. "वीतभराचीसुद्धा चूक नाही. फौजदारसाहेब, तिन्ही बाजू सारख्या असल्या की तिन्ही कोनही सारखेच होतात. प्रत्येकी साठ अंश. म्हणजे सुभेदारांच्या माळ्यावर उभं राहून सयाजीच्या माळ्याकडे बोट केलं आणि तसंच वळवत कोंडाजीच्या माळ्याकडे नेलं, तर बोट बरोबर साठ अंश फिरेल."

"मग?"

"मग काही नाही. वर चला."

ऐनाच्या माळ्यावर रक्त सुकून काळं पडलं होतं. फळ्या झाडाच्या बुंध्याभोवती चारी बाजूंनी घातलेल्या होत्या आणि कडेनं सागाच्या पानांचा छातीएवढा आडोसा. गोळी बुंध्यात रुतून बसली होती. इनायतनी वाकून भोक पाहिलं आणि ते जागच्या जागी थबकले.

"फौजदारसाहेब, भोक बुंध्याच्या आतल्या अंगाला आहे. नाचणीच्या बाजूला."

"असणारच. गोळी आतून आली."

"गोळी आतून आली हे ठीक. पण ती छातीतून शिरली. म्हणजे सुभेदार बुंध्याला वळसा घालून आतल्या बाजूला आले आणि शेताकडे तोंड करून उभे राहिले. हाकारा चालू असताना. आत वळायचं नाही, हा नियम कुणाचा होता?"

सुभेदारांनी आपला नियम स्वतःच मोडला होता. कशासाठी?

आडोशाच्या पानांत एक गोल भोक होतं, कडा आत वळलेल्या. इनायतनी पिशवीतून सुतळी काढली, एक टोक बुंध्यातल्या भोकात खुंटीनं ठोकलं, सुतळी पानांतल्या भोकातून बाहेर काढली आणि ताणून धरली. ज्या वाटेनं गोळी आली ती वाट आता डोळ्यांना दिसत होती.

त्यांनी सपाटी पाहायची पाण्याची नळी लावून पाहिली. "बुंध्यातलं भोक पानांतल्या भोकापेक्षा दीड बोटानं वर आहे. तिन्ही माळे सारख्याच उंचीचे. दुसऱ्या माळ्यावरून झाडलेली गोळी सपाट आली असती. ही चढत आली. जमिनीवरून."

"जमिनीवरून?"

इनायतनी पितळी कोनमापक फळीवर ठेवला. आधी सयाजीच्या माळ्याकडे रेघ धरली, मग सुतळीकडे. आकडा वाचला. मग कोंडाजीच्या माळ्याकडून मोजलं. आकडा वाचला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडे बदलले नाहीत.

"तीस आणि तीस," ते हळूच म्हणाले. "सुतळी कोंडाजीच्या माळ्याकडे जात नाही. सयाजीच्याही नाही. दोघांच्या बरोबर मधून जाते. साहेब, त्या दोन्ही माळ्यांवरून सुभेदारांना कुणीही मारलेलं नाही."

५

"म्हणजे चौथा माणूस?" फौजदारांचा आवाज चिरकला. केस पक्की असल्याचं त्यांनी वरच्या साहेबांना कळवून टाकलं होतं.

"आधी जागा शोधू." इनायत खाली उतरले आणि काटकीनं मातीत त्रिकोण काढला. "टोकाचा कोन बरोबर निम्मा करणारी रेघ समोरच्या बाजूच्या बरोबर मध्यावर पडते. तीही काटकोनात. ही त्रिकोणाची उंची. सयाजी आणि कोंडाजीच्या मधलं अंतर दोनशे, त्याचं निम्मं शंभर. दोनशेचा वर्ग चाळीस हजार, शंभराचा दहा हजार. वजा जाता तीस हजार. त्याचं मूळ एकशे त्र्याहत्तर. इथून सुतळीच्या रोखानं एकशे त्र्याहत्तर हात गेलो, की आपण त्या दोघांच्या बरोबर मध्यभागी असू. त्या रेघेवर लपायला जागा असेल, तर तो तिथेच होता."

दोर टाकत दोघं निघाले. शंभर हात, दीडशे हात. सगळीकडे उघडे खुंट, सशालाही लपता आलं नसतं. एकशे साठाव्या हातावर फौजदारांनी वाकून काहीतरी उचललं. नारळाच्या काथ्याचा बोळा, एका बाजूनं जळलेला. ठासणीच्या बंदुकीत दारूवर असा बोळा ठासतात आणि बार झाला की तो नळीपासून थोड्या अंतरावर जाऊन पडतो.

एकशे त्र्याहत्तराव्या हातावर शेतातून वेचून टाकलेल्या दगडांची कंबरभर रास होती. तिच्या मागच्या गवतात दोन गुडघ्यांचे खळगे अजून मोडलेले दिसत होते. वरच्या दगडावर दारूचा काळा डाग होता. बंदूक तिथे टेकवून, गुडघे रोवून, कुणीतरी सावकाश नेम धरला होता.

फौजदारांनी कपाळावरचा घाम पुसला. "गावाकडून येणारी पायवाटही इथूनच वर चढते. कुणीही असू शकेल."

"बंदुका तीनच होत्या. एक मेलेल्या माणसापाशी, तीही भरलेली."

"मग दोघांपैकीच एक. माळा सोडून इथे आला, बार टाकला, परत गेला. सयाजी शंभर हातांवर, कोंडाजीही शंभर हातांवर." फौजदारांनी मान झटकली. "तुमच्या त्रिकोणानं दोघांना सारखंच जवळ आणून ठेवलं, मुकादमसाहेब. आणि रिकामी बंदूक कोंडाजीचीच होती."

"परत जाऊन नवा बार भरायला किती वेळ लागतो? हाकारे वर यायला त्याहून जास्त लागला."

"हे सिद्ध कसं करणार?"

इनायत थकून दगडांच्या राशीवर बसले. समोर ऐनाचं झाड, त्यावर तो रिकामा माळा. ते पाहता पाहता त्यांनी वही काढून एक पान पुन्हा वाचलं. ते उठले. झपाझप चालत सयाजीच्या माळ्याकडे गेले, साठीच्या पायांनी शिडी चढले आणि सुभेदारांच्या झाडाकडे पाहत राहिले. उतरून कोंडाजीच्या माळ्यावर गेले. तिथूनही तसंच पाहिलं. फौजदार मागोमाग धावत होते.

परत राशीपाशी येऊन इनायत खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"सुभेदारांच्या घरच्यांना इथे बोलवा," इनायत म्हणाले. "आणि ठमाबाईला. या अल्ला, त्या बाईला आता हे कसं सांगू?"

"ठमाबाईला?"

"नाही. रखमाबाईंना."

६

सगळे जमले तेव्हा दुपार टळत होती. ऐनाच्या झाडापासून दगडांच्या राशीपर्यंत सुतळी ताणून बांधली होती. ठमाबाई पदर आवळून एका बाजूला उभी. रखमा सयाजीच्या शेजारी. सयाजीचे डोळे सुतळीवर खिळले होते.

इनायतनी वही उघडली. "सयाजी, तू सांगितलंस ते वाचतो. दादा कोसळताना त्याच्या डोक्याच्या बरोबर मागे भैरीचं निशाण फडकत होतं. खरं ना?"

"खरं."

"मी तुझ्या माळ्यावर चढून आलो. तिथून सुभेदारांच्या माळ्यामागे नुसती खिंड दिसते. निशाण कितीतरी बाजूला आहे, आणि त्याच्या आड फणस येतो. कोंडाजीच्या माळ्यावरून मागे उघडा कडा दिसतो." इनायतनी समोर बोट केलं. "आता इथून बघ."

सगळ्यांच्या माना वळल्या. रिकामा माळा, आणि त्याच्या बरोबर डोक्यावर, पलीकडच्या डोंगरावर, लाल निशाण.

"दोनशे हातांच्या त्रिकोणात ते निशाण सुभेदारांच्या बरोबर मागे दिसतं ते याच रेघेवरून. आणि या रेघेवर दडायला ही एकच जागा आहे. दादाला कोसळताना तू इथून पाहिलंस."

सयाजीचा चेहरा राखेसारखा झाला. तो काही बोलणार, इतक्यात रखमा पुढे झाली. तिनं दोन्ही हात पसरले, जणू त्याला पाठीशी घालत होती.

"डुकरावर झाडली त्यानं!" ती किंचाळली. "डुक्कर मधीच आलं. चुकून लागली! मी पाटी घेऊन वाटेनं वर येत व्हते. बंदूक घेऊन परत माल्याकडं धावताना मी बगितला त्याला. राती माज्या पायांवर डोकं आपटून रडला. म्हनला, वैनी, डुक्कर व्हतं गो."

ठमाबाई अंगातून काही उपटल्यासारखी बोलली, "तुला ठाव व्हतं? माज्या घरवाल्याला बेड्या घालून नेला, नि तू ओटीवर बसून बघत व्हतीस?"

"माजा येक गेला व्हता, गो," रखमा म्हणाली. "दुसरा माज्या हातानं कसा देऊ? पोटचं कोन हाय मला?"

फौजदार तिच्याकडे पाहत राहिले. सगळ्या गावात जिच्याबद्दल एक वाकडा शब्द कुणी काढला नव्हता, ती बाई निरपराध माणसाला फासावर जाऊ देत होती. पण इनायत तिच्याकडे पाहत होते ते रागानं नव्हे.

"बाई," ते म्हणाले, "मी हे तुम्हांला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण कोंडाजीसाठी सांगावं लागतं." त्यांनी सुतळीवर हात ठेवला. "ही सुतळी बघा. इथून निघते आणि सारखी वर चढत जाते. माळा सात हात उंच. डुक्कर जमिनीवर असतं. त्याच्यावर धरलेली नळी खाली झुकते. ही नळी खाली नव्हती. ती या दगडावर टेकवून वर धरलेली होती, सुभेदारांच्या छातीवर. इथे दोन्ही गुडघ्यांच्या खुणा आहेत. धावत्या डुकरामागे धावणारा माणूस गुडघे टेकून बसत नाही."

रखमानं पसरलेले हात हळूहळू खाली आले. ती वळली. "सयाजी." तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "जानून मारलास?"

सयाजीनं मान खाली घातली नाही. "हां."

रखमा तोल जाऊन मागे सरकली. ठमाबाईनंच पुढे होऊन तिला धरलं.

"का रे?"

"बनूसाठी. माज्या घरवालीसाठी." सयाजीचा आवाज शांत होता, आणि त्यामुळेच ऐकवत नव्हता. "चारचौघांत उलट बोलली म्हनून दादानं तिला नाते गावाला, माहेरी धाडली. म्हनला, मी सांगीन तवा आन. मी गप बसलो. दोन वर्सं गप बसलो. भादव्यात ती मेली. मला वाटलं, ताप आला नि गेली. दसऱ्याला महाडच्या बाजारात तिचा भाऊ भेटला. माज्या तोंडावर थुंकला. म्हनला, तीन येला मानूस धाडला, ती तुजं नाव घेत व्हती, तुला येक दिस यायला जमलं नाय?" तो थांबला. "मला निरोपच नव्हता. गावात इचारलं तवा कललं, दादानं मानूस झऱ्यावरूनच परत फिरवला. तीन येला."

"मग बाहेर वळलेला असताना का नाही मारलंस?" फौजदारांच्या तोंडून निघून गेलं.

"मी हाक मारली. दादा, म्हनून. तो आत येऊन उभा ऱ्हायला. मला बंदूक धरून बसलेला बगितला नि वरडला, जागा का सोडलीस? मी म्हनलो, बनूचा निरोप घेऊन आलोय." सयाजीनं बोटानं डोळ्यांच्या कडा पुसल्या. "मंग त्याला कललं. कललेलं मी बगितलं, नि चाप ओढला."

"आणि कोंडाजी?" ठमाबाईनं विचारलं. "त्यानं काय केलं व्हतं तुजं?"

त्या दिवशी पहिल्यांदाच सयाजीची मान खाली गेली. त्यानं आपण होऊन दोन्ही मनगटं फौजदारांपुढे धरली.

रखमा खुंटांत बसली होती. ती कुणाकडेही न पाहता बोलू लागली. "तिसऱ्या येला तो मानूस झऱ्यावर नाय थांबला. घरापत्तुर आला. चुलीपाशी मीच व्हते. हे म्हनले, सयाजीला बोलायचं नाय. मी नाय बोलले."

सयाजी वळून तिच्याकडे पाहत राहिला. भावाच्या मरणाची कबुली देताना न हललेला त्याचा चेहरा आता वेडावाकडा झाला. "वैनी, तुला बी ठाव व्हतं?"

७

कोंडाजी तिसऱ्या दिवशी सुटला. महाडच्या एसटी थांब्यावर ठमाबाई त्याला घ्यायला आली होती. खुनी कोण, हे तिनं सांगितलं तेव्हा तो थांब्याच्या कट्ट्यावर मटकन बसला आणि पोलादपूरची गाडी समोरून निघून गेली तरी उठला नाही.

इनायतना गावानं मानाचा नारळ देऊ केला. त्यांनी तो घेतला नाही. खैरुनबीनं विचारलं, "खरं निघालं ना सगळं? मग तोंड असं का?" ते म्हणाले, "मी एका बाईचा नवरा सोडवायला गेलो आणि दुसरीचं घर मोकळं करून आलो."

खटला अलिबागच्या कोर्टात चालला. सयाजीनं गुन्हा नाकारला नाही. तरी साक्षी व्हायच्या त्या झाल्याच. रखमा एकटी, दोन गाड्या बदलून आली. तिला साक्षीतून वगळायची खटपट सयाजीच्या वकिलानं केली होती, पण तिनंच ऐकलं नाही. पिंजऱ्यात उभी राहून तिनं पायवाटेवरून काय दिसलं ते सांगितलं. कोंडाजीला नेलं तेव्हा आपण गप्प बसलो, तेही सांगितलं. मग कुणी विचारलेलं नसताना तिनं नात्याहून आलेल्या तीन निरोपांबद्दल सांगितलं, आणि तिसरा आपण आपल्या कानांनी ऐकला होता, हेही.

शिक्षा जन्मठेपेची झाली. फाशी टळली ती त्या निरोपांमुळे, असं नंतर वकील म्हणत.

साक्षीच्या शेवटी सरकारी वकिलानं कागद पुरे करण्यासाठी विचारलं, "आरोपी तुमचा कोण लागतो?"

"दीर," रखमा म्हणाली. मग तिनं कठडा धरला. "मी लगीन होऊन आले तवा चार वर्सांचा व्हता. माज्या मांडीवर बसल्याबिगर जेवत नसं."

न्यायाधीशांनी वर पाहिलं. आरोपीच्या पिंजऱ्यातला सयाजी भिंतीकडे तोंड करून उभा होता.

कारकुनानं टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं, दीर. बाकीचं त्यानं लिहिलं नाही.